गोपनीय, खासगी आणि अविकृत : लिनक्स संगणकावरील सुरक्षेच्या मराठी परिभाषेची समीक्षा

१

भोरहून वरंध घाटाने महाडकडे जाणाऱ्या वाटेवर हिर्डोशी हे गाव आहे. नीरा-देवघर धरणाचा हा परिसर जुन्या हिरडस मावळात मोडतो. देश आणि कोकण यांच्या सीमेजवळचे गाव म्हणून बोलीच्या अभ्यासकास त्याचे आकर्षण वाटावे, हे स्वाभाविक आहे. समजा, आपल्या विभागातील एखादा विद्यार्थी अशा गावी गेला आणि तेथील एखाद्या वृद्धाकडून शेतीची, लग्नकार्याची, धरणात गेलेल्या जमिनीची हकीकत त्याने ध्वनिमुद्रित केली. हकीकत सांगता सांगता भाऊबंदकीचा उल्लेख येतो, कर्जाचा येतो, कोणाच्या तरी नावाने दोन कडू शब्दही निघतात. सांगणारा ते विश्वासाने सांगतो. संध्याकाळी ही मुद्रिते विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर जातात, आणि पुढे कधी मार्गदर्शकाने चौकशी केली, तर उत्तर मिळते : “सर, माझ्या मशीनवर लिनक्स आहे, सगळे सुरक्षित आहे.”

हे एवढे एक वाक्य प्रस्तुत लेखाचा विषय होय. ते खोटे आहे असे माझे म्हणणे नाही. ते अपुरे आहे, एवढेच मला दाखवावयाचे आहे. व्याकरणाच्या दृष्टीने पाहता ‘सुरक्षित’ या विधेयास पंचमीची अपेक्षा आहे. काय सुरक्षित, कोणापासून सुरक्षित आणि कोणत्या साधनाने सुरक्षित, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून त्याचा अर्थ पुरा होत नाही. वरील वाक्यात साधनाचे नाव आहे, पंचमी मात्र गळाली आहे. ही पंचमी का गळते, याचा शोध घेऊ लागलो असता मला असे दिसले की, दोष विद्यार्थ्याच्या निष्काळजीपणाचा जितका आहे, तितकाच आपण त्याच्या हाती दिलेल्या शब्दांचाही आहे.

डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६० नंतरच्या दशकात मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची ग्रंथमाला सिद्ध केली, तेव्हा अभ्यासकाच्या टिपणवहीत निवेदकाच्या बोलण्याचे ध्वनिलेखन उरे; माणसाचा आवाज कागदावर उरत नसे. आज डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने केलेल्या बोली-सर्वेक्षणापासून एम.ए.च्या लहानशा प्रकल्पापर्यंत सर्वत्र प्रत्यक्ष आवाज साठविला जातो. साधन बदलले, त्याबरोबर जबाबदारीही बदलली. तिचा विचार करण्यास लागणारी परिभाषा मात्र आपल्याकडे अजून नीटशी स्थिरावलेली नाही.

२

प्रथम ‘गोपनीयता’ हा शब्द घेऊ. संगणकाच्या आणि मोबाइलच्या मराठी पडद्यांवर हाच शब्द आपणांस भेटतो. ‘गोपनीयता धोरण’ हा समासही आता रूढ झाला आहे. ‘गुप्’ या धातूचा मूळ अर्थ रक्षण करणे असा आहे. ‘गोप’ म्हणजे राखण करणारा, या शब्दाशी त्याचे नाते आहे. रक्षणावरून झाकण्याकडे हा अर्थ पुढे सरकला आणि मराठीत आज ‘गोपनीय’ म्हणजे इतरांस कळू न देण्याजोगे, असाच बोध होतो. मंत्री पदग्रहणाच्या वेळी पदाची आणि गोपनीयतेची शपथ घेतात. तेथे हा शब्द अगदी यथार्थ आहे, कारण राज्यकारभारातील माहिती बाहेर न फोडण्याचे ते बंधन आहे. तोच शब्द नागरिकाच्या हक्कास लावला की घोटाळा सुरू होतो. शपथेतील गोपनीयता हे राज्यकर्त्यावरील बंधन आहे. नागरिकाच्या हाती असलेली गोष्ट तिच्याहून वेगळी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात जो मूलभूत हक्क मान्य केला, त्याचा उल्लेख आपल्या वृत्तपत्रांनी कधी ‘गोपनीयतेचा अधिकार’, तर कधी ‘खासगीपणाचा अधिकार’ असा केला. हे दोन शब्द पर्यायी आहेत, असे समजूनच तो झाला.

ते पर्यायी नाहीत. ‘गोपनीय’ म्हटले की ‘लपविण्यासारखे काय आहे?’ हा प्रश्न पाठोपाठ येतो, आणि सामान्य माणूस प्रामाणिकपणे ‘माझ्याकडे तसे काही नाही’ असे सांगून मोकळा होतो. ‘खासगी’ या शब्दाचा इतिहास निराळा आहे. मराठेशाहीत राज्यकर्त्याच्या घरगुती कारभारास खासगी म्हणत. होळकरांच्या राज्यात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ हे दोन हिशेबच वेगळे होते. खासगीतील उत्पन्न लपलेले होते असे नव्हे. त्यावर हुकूम कोणाचा चालावयाचा, एवढाच त्या शब्दाचा प्रश्न होता. हिर्डोशीच्या आपल्या कल्पित निवेदकाने सांगितलेली हकीकत गावात अनेकांस ठाऊक असेल; त्या अर्थाने ती मुळीच गोपनीय नाही. तरीही ती खासगी आहे, कारण ती कोणास, कोठे आणि कोणत्या कामासाठी ऐकवावयाची हे ठरविण्याचा अधिकार त्याचा आहे. या भेदावर ‘लपविण्यासारखे काही नाही’ हा युक्तिवाद कोसळतो.

लिनक्सच्या मराठीकरणाचे काम पुण्यातील रेड हॅटच्या कचेरीतील भाषांतरकारांनी आणि अनेक स्वयंसेवकांनी केले आहे. हजारो वाक्यखंड, तेही संदर्भावाचून समोर आलेले, मराठीत आणणे हे कष्टाचे काम आहे, आणि त्याची थोरवी कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. परंतु भाषांतरकार शब्दास शब्द शोधीत असताना त्यामागील व्यवस्था समजावून सांगणे हे विद्यापीठीय अभ्यासकांचे काम होते, आणि ते आपण केले नाही.

३

दुसरा शब्द पासवर्ड. यासाठी मराठीत ‘गुप्तशब्द’, ‘संकेतशब्द’ आणि ‘परवलीचा शब्द’ असे तीन पर्याय वापरात आहेत. यांपैकी ‘गुप्तशब्द’ सर्वांत सोपा वाटतो आणि सर्वांत अधिक फसवितो. गुप्तशब्द दिला म्हणजे आतील मजकूरही गुप्त झाला, असा समज त्या शब्दामुळे सहज होतो.

परवल ही छावणीतील गोष्ट. रात्री पहारेकरी येणाऱ्यास अडवितो, परवल विचारतो, बरोबर उत्तर मिळाले की आत सोडतो. परवलीमुळे दरवाजा राखला जातो. तंबूतील पेटाऱ्यांना तिच्यामुळे कुलूप लागत नाही. दरवाजा टाळून मागच्या कुंपणातून शिरणाऱ्यास परवल कोणी विचारीत नाही. लिनक्समध्ये प्रवेश करताना द्यावयाचा शब्द हा नेमका असा आहे. चोराने तो लॅपटॉप पळविला आणि पेन ड्राइव्हवरील दुसऱ्या लिनक्सने तो सुरू केला, तर डिस्कवरील सर्व मुद्रिते त्यास वाचता येतात. मूळ प्रणालीचा पहारेकरी त्या वेळी झोपलेला असतो, कारण ती प्रणाली चालूच झालेली नसते.

डिस्कवरील मजकूर खरोखरी गुप्त करावयाचा, तर तो कूटबद्ध करावा लागतो. लिनक्समध्ये यासाठी लक्स ही रूढ पद्धत आहे. तीत डिस्कवरील प्रत्येक अक्षर कूटरूपात राहते, आणि संगणक सुरू होताना दिलेल्या वाक्याने मूळ किल्ली उघडते. लिनक्सच्या बहुतेक प्रचलित वितरणांत प्रतिष्ठापना करतेवेळीच हा पर्याय विचारला जातो. तो तेव्हा निवडणे सोपे, मागाहून करणे दगदगीचे. या शब्दास ‘परवल’ म्हणणे चूक ठरेल. तो ‘किल्लीचा शब्द’ आहे. परवल विसरली तर पहारेकऱ्याची समजूत घालता येते, म्हणजे जाणकार मनुष्य ती बदलून देऊ शकतो. किल्ली हरवली तर पेटारा कोणासही उघडता येत नाही. दोहोंस एकच नाव दिल्याने विद्यार्थ्यास एकाचा भरवसा वाटतो आणि दुसऱ्याची जोखीम कळत नाही.

येथे आणखी दोन बारकावे ध्यानात घ्यावयास हवेत. लॅपटॉपचे झाकण मिटून तो निद्रावस्थेत ठेवला, तर किल्ली स्मृतीत तशीच राहते. प्रवासात तो पूर्ण बंद करणे हेच योग्य. दुसरे असे की, हीच मुद्रिते नेहमीच्या पेन ड्राइव्हवर उतरविली की कूटबंधन मागे राहते. अशा पेन ड्राइव्हवर सामान्यतः फॅट किंवा एक्सफॅट जातीची रचना असते; तीत लिनक्सच्या मालकीच्या खुणाही टिकत नाहीत. मार्गदर्शकाकडे फाइल पोचवावयाची ती पोचते, पण नागडी पोचते.

४

तिसरा शब्द ‘परवानगी’. लिनक्सने ही कल्पना युनिक्सपासून घेतली. एका मोठ्या यंत्रावर अनेक जण काम करीत, त्या काळची ही व्यवस्था. प्रत्येक फाइलीस एक मालक, एक गट आणि बाकीचे जन, असे तीन वर्ग. प्रत्येकास वाचणे, लिहिणे व चालविणे या तीन परवानग्या. फाइलीवर ६४४ ही खूण असेल तर मालक वाचतो-लिहितो आणि बाकी सर्व जण वाचतात. ६०० असेल तर मालकावाचून अन्य वापरकर्त्यास ती उघडत नाही. ‘खासगी’ या शब्दाचा जो अर्थ वर सांगितला, त्याचे हे यंत्रातील रूप म्हणता येईल : हुकूम कोणाचा, हा प्रश्न येथे आरंभीच विचारला आहे.

तथापि मूळ गृहीत काय होते, हेही पाहिले पाहिजे. उबुंटू या प्रसिद्ध वितरणात वापरकर्त्याचे घर, म्हणजे त्याचा मुख्य फोल्डर, एप्रिल २०२१ मधील २१.०४ या आवृत्तीपर्यंत त्याच यंत्रावरील इतर वापरकर्त्यांस पाहण्यासाठी खुले असे. त्या आवृत्तीपासून नव्या वापरकर्त्यांची घरे इतरांस बंद झाली. आधीपासून असलेली घरे मात्र आपोआप बंद झाली नाहीत. विभागाच्या प्रयोगशाळेतील सामाईक यंत्रावर एकाच्या क्षेत्रकार्याची मुद्रिते दुसऱ्यास दिसू शकतात ती यामुळे. येथे ‘सुरक्षित’ या शब्दाची गळालेली पंचमी ‘शेजारच्या वापरकर्त्यापासून’ अशी आहे, आणि तिचे उत्तर परवानगी हे आहे.

पण याच व्यवस्थेची मर्यादाही तीतच आहे. मालकाने चालविलेला प्रत्येक कार्यक्रम मालकाच्याच अधिकाराने चालतो. एखादा खेळ किंवा कोठून तरी उतरविलेला ध्वनिसंपादक मालकाच्या सगळ्या फाइली वाचू शकतो. त्यास अडविणारी परवानगी या जुन्या योजनेत नाही. पडद्याची जुनी एक्स व्यवस्था तर अशी की, एका खिडकीत टंकलेले शब्द दुसऱ्या कार्यक्रमास टिपता येत. वेलँड या नव्या व्यवस्थेने हा दोष बऱ्याच अंशी दूर केला, आणि फ्लॅटपॅकसारख्या पद्धतींत कार्यक्रमास कुंपणात ठेवता येते. अर्थात ते कुंपण प्रत्येक कार्यक्रमास किती घट्ट आहे, हे तपासावेच लागते. युनिक्सच्या परवानगीने शेजाऱ्यापासून राखण केली. घरात बोलाविलेल्या पाहुण्याचा विचार मागाहून करावा लागला.

५

चौथी कल्पना अशी आहे की, तिच्यासाठी आपल्या पडद्यांवर नेमका शब्दच नाही. मजकूर गुप्त नसेल, खासगीही नसेल, परंतु त्यात कोणी फेरफार केलेला नाही, ही खात्री. मी यासाठी ‘अविकृतता’ हा शब्द सुचवितो. शब्द नवा असला तरी कल्पना हिरडस मावळास अपरिचित नाही.

हिरडस मावळ हे बांदल देशमुखांचे वतन. बाजी प्रभू हे तेथील देशपांडे. देशमुख-देशपांडे यांच्या कारभारात कागदाला प्राणाएवढी किंमत होती, कारण वतनाचा निवाडा कागदावर होई. त्या काळचे कागद कोणापासून लपवून ठेवण्यासाठी लिहिलेले नसत. महजर तर गोतासमोर होई आणि साक्षीदारांच्या निशाण्या त्यावर पडत. भीती असे ती मजकुरात भर घातली जाण्याची. म्हणून शिवकालीन पत्रात आरंभी मुद्रा आणि मजकूर संपताच मर्यादेचा शिक्का. त्याखाली कोणी एक ओळ वाढविली तर ती बनावट हे उघड व्हावे. लांब कागद तुकडे चिकटवून केलेला असेल, तर सांध्यांच्या पाठीवरही शिक्के उमटवीत, म्हणजे मधला तुकडा काढून दुसरा बसविता येऊ नये. ‘मोर्तब’ हा शब्द अरबी ‘मुरत्तब’ यावरून आला. क्रमाने लावून सिद्ध केलेले, असा त्याचा अर्थ. रघुनाथपंतांच्या राज्यव्यवहारकोशाने फारसी-अरबी शब्दांस संस्कृत पर्याय दिले, तरी ‘शिक्कामोर्तब’ लोकांच्या तोंडून गेला नाही, कारण तो एका प्रत्यक्ष कृतीस बांधलेला होता. परिभाषा घडविणाऱ्यांनी यावरून बोध घ्यावा.

लिनक्समध्ये नवे कार्यक्रम येतात ते वितरणाच्या भांडारातून. डेबियन किंवा उबुंटूच्या भांडारातील सूचीवर डिजिटल स्वाक्षरी असते, आणि सूचीत प्रत्येक पुडक्याची गणिती मुद्रा नोंदलेली असते. पुडके उघड्या वाटेने आले तरी चालते. वाटेत कोणी एक अक्षर बदलले तर मुद्रा जुळत नाही आणि यंत्र ते नाकारते. सांध्यावरील शिक्क्याचेच हे काम आहे. २०१८ पासून महाराष्ट्रात मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा याच जातीचा : उतारा कोणासही पाहता येतो, म्हणून तेथे गोपनीयतेचा प्रश्न फारसा नाही, अविकृततेचा मात्र पुरेपूर आहे.

शिक्का न पाहणाऱ्याचे काय होते, हे २० फेब्रुवारी २०१६ रोजी दिसले. लिनक्स मिंट या वितरणाच्या संकेतस्थळात शिरून कोणी तरी १७.३ सिनॅमन आवृत्तीचा दुवा बदलला, आणि त्या दिवशी तो दुवा वापरणाऱ्यांस चोरवाट ठेवलेली प्रत मिळाली. अशा वेळी त्याच पानावर छापलेली गणिती मुद्रा पडताळण्यात अर्थ नाही, कारण जो दुवा बदलतो तो मुद्राही बदलू शकतो. वेगळ्या वाटेने मिळालेल्या किल्लीने स्वाक्षरी तपासणे हाच उपाय.

तरीही शिक्का सर्व काही सांगत नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या दाब-उपकरणाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट सापडली. ती घालणारा मनुष्य बाहेरचा चोर नव्हता; दीर्घकाळ काम करून त्याने त्या प्रकल्पाच्या व्यवस्थापकाचा विश्वास आणि अधिकार मिळविला होता. स्वाक्षरी खरी होती, विकृती स्वाक्षरीपूर्वीच झाली होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास दूरस्थ प्रवेशास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे आढळले, त्या क्षुल्लक विलंबाचा त्याने पाठपुरावा केला आणि २९ मार्च रोजी ती गोष्ट उघड केली. प्रकल्पाचा मजकूर सर्वांस वाचण्यास खुला होता म्हणून हा शोध शक्य झाला, हे लिनक्सच्या बाजूने सांगितले पाहिजे. खुला असूनही तोवर तो कोणी तसा वाचला नव्हता, हेही तितकेच खरे. शिक्का ‘कोणाचा’ ते सांगतो. तो मनुष्य ‘कसा’ ते सांगत नाही.

६

आता मूळ वाक्याकडे वळू. समजा, विद्यार्थ्याने डिस्क कूटबद्ध केली, घराची दारे इतरांस बंद केली, कार्यक्रम केवळ भांडारातून घेतले, आणि मुद्रितांसोबत नकळत जाणारी तारीख, यंत्राचे नाव, छायाचित्रातील अक्षांश-रेखांश ही माहितीही पुसली. एवढ्याने निवेदक सुरक्षित झाला काय?

येथे आपल्या शास्त्राची एक विशेष अडचण आहे, आणि कोणतीही संगणकप्रणाली ती सोडवू शकत नाही. इतर शास्त्रांत नाव-गाव खोडले की माहिती बऱ्याच अंशी निनावी होते. बोलीच्या अभ्यासात गाव, वय, जात, लिंग आणि आवाज हीच तर सामग्री असते. ती खोडली तर अभ्यास उरत नाही, आणि ठेवली तर लहान गावात तो मनुष्य कोण हे लगेच ओळखू येते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने संशोधनास काही अटींवर सवलत दिली आहे. कायद्याची सवलत म्हणजे निवेदकाची संमती नव्हे, हे मात्र अभ्यासकाने विसरू नये.

म्हणून संमतीपत्रावरील भाषेचाही विचार झाला पाहिजे. ‘आपली माहिती गोपनीय ठेवली जाईल’ हे वाक्य आपण सरसकट लिहितो. ते बहुधा खरे नसते, कारण ती माहिती प्रबंधात छापण्यासाठीच आपण घेतो. त्याऐवजी निवेदकास त्याच्याच बोलीत सांगता येईल : हा आवाज अमुक जण ऐकतील, अमुक भाग छापला जाईल, भाऊबंदकीची गोष्ट गाळली जाईल, आणि आपण सांगाल तेव्हा सगळे पुसले जाईल. असे वचन पाळता येते, आणि मोडले तर मोडले हे दोघांसही कळते.

परिभाषेविषयी माझी सूचना थोडक्यात अशी आहे. ज्यावर मालकाचा हुकूम चालतो ते ‘खासगी’. जे किल्लीवाचून वाचता येत नाही ते ‘गुप्त’. ज्यात फेरफार झालेला नाही ते ‘अविकृत’. दरवाजावर द्यावयाची ती ‘परवल’ आणि पेटारा उघडणारी ती ‘किल्ली’. ‘गोपनीयता’ हा शब्द शपथेसाठी राखून ठेवावा. हे शब्द अंतिम आहेत असा माझा आग्रह नाही. भांडार, संमतीपत्र आणि प्रयोगशाळेतील सूचनाफलक यांवर ते वापरून पाहावेत आणि न पटल्यास बदलावेत. आग्रह आहे तो एवढाच की, ‘सुरक्षित’ या शब्दाची पंचमी यापुढे कोणी गाळू नये. पुढील वर्षी एखादा विद्यार्थी हिर्डोशीहून मुद्रिते घेऊन आला आणि “सर, सगळे सुरक्षित आहे” असे म्हणाला, तर त्यास प्रथम विचारावे : कोणापासून?